‘तवाचे पैलवान’ खरंच जास्त भारी होते का?

माझे आबाजी एक वाक्य गेली वीस वर्षं तरी बोलत आलेत. टीव्हीवर महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली, की खाटेवर बसल्या बसल्या मान हलवायची आणि म्हणायचं, “तवाच्या पैलवानायची सर आताच्या पोरायले येनार नाही, बाबू.” आसगावात हे वाक्य एकटे आबाजीच बोलतात असं नाही. पवनीच्या बाजारात चहाच्या टपरीवर उभं राहा, कोणीतरी हेच सांगेल. कोल्हापुरात गंगावेशीजवळ उभं राहा, तिथेही हेच ऐकाल, फक्त बोली बदलेल.

मी हे वाक्य माझ्या सिनॉप्सिसमध्ये घातलं होतं. म्हणजे अर्थातच आबाजींच्या शब्दांत नाही. ‘१९५५ ते १९७५ हा महाराष्ट्रातील जड वजनी कुस्तीचा सुवर्णकाळ मानला जातो’ असं छान इस्त्री केलेलं वाक्य लिहिलं. सादरीकरणात एका बाईंनी शांतपणे विचारलं, “मानला जातो, हे ठीक. पण काय मोजून?” मी पाच-सहा नावं सांगितली. त्या म्हणाल्या, “ही शिखरं झाली. मी खोली विचारतेय.”

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. आता बऱ्यापैकी देता येतं, आणि ते उत्तर शोधताना जे हाती लागलं ते पेट किंवा नेट देऊन संशोधनाकडे वळणाऱ्यांना उपयोगी पडेल, म्हणून हे टिपण. विषय कुस्तीचा असला तरी अडचण सगळ्यांचीच आहे. कीर्तनकार, शाहीर, गणिताचे शिक्षक, झाडीपट्टीतले नट, कोणाबद्दलही ‘तेव्हा एकापेक्षा एक होते’ असं विधान केलं, की हाच प्रश्न समोर येतो.

आधी शिखरं बघू, कारण ती खरोखरच उंच आहेत. श्रीपती खंचनाळे १९५९ साली हिंद केसरी झाले. ते मूळचे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातले, पण कुस्ती कोल्हापूरची. पुढच्याच वर्षी, १९६० ला, गणपतराव आंदळकर हिंद केसरी झाले. १९६४ ला मारुती माने. आणि या सगळ्याच्या मधोमध १९६२ चं जकार्ता. तिथल्या आशियाई स्पर्धेत मारुती माने यांनी ९७ किलो गटात फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य घेतलं. आंदळकरांनी त्याच्या वरच्या, ९७ किलोहून अधिक वजनाच्या गटात ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य घेतलं. म्हणजे आशियातल्या सगळ्यात जड दोन गटांत, दोन्ही प्रकारांत मिळून चार पदकं, आणि ती दोन माणसांनी आणली. एक पुनवतचा, दुसरा कवठे पिरानचा. दोन्ही गावं एकाच सांगली जिल्ह्यातली. लाल मातीत वाढलेल्या माणसांनी गादीवर जाऊन हे केलं, हे विसरू नका. ग्रीको-रोमनमध्ये तर कमरेखाली पकड करताच येत नाही, आणि आपल्या मातीतल्या निम्म्या डावांचा जीव पायात असतो.

आबाजी तेव्हा सोळा वर्षांचे. ती बातमी त्यांच्यापर्यंत कशी आणि कधी पोचली ते त्यांना आठवत नाही, पण मारुती माने हे नाव घेताना त्यांचा आवाज अजूनही बदलतो. म्हणून पुढचा परिच्छेद लिहिताना मला जड गेलं.

मी तक्ते काढून बसलो तेव्हा दिसलं, की जकार्ताला इराणचा संघ नव्हता. १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत इराण होता, आणि घोलामरझा तख्ती हा त्यांचा महान मल्ल तिथे सुवर्ण जिंकून गेला होता. १९६२ ला इराण आला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या टोलेडो इथे जागतिक स्पर्धा झाली, तिथे ९७ किलोत सोव्हिएत संघाचा मेदवेद पहिला आणि तख्ती दुसरा. म्हणजे ज्या वजनात आपल्या मान्यांनी आशियाचं सुवर्ण घेतलं, त्या वजनातला जगात दुसरा असलेला आशियाई माणूस त्या आखाड्यात उतरलाच नव्हता.

यामुळे मान्यांचं सुवर्ण हलकं होतं का? अजिबात नाही. समोर जो आला त्याला पाडणं एवढंच पैलवानाच्या हातात असतं. पण ‘सुवर्ण मिळालं, म्हणजे तेव्हा आपल्या जड गटात फार ताकद होती’ ही जी उडी मी सिनॉप्सिसमध्ये मारली होती, ती चुकीची होती. पदक दोन गोष्टींचं मिळून बनतं: जिंकणाऱ्याचं बळ आणि समोरची गर्दी. पदकतक्त्यात फक्त पहिली गोष्ट छापलेली असते. दुसरी शोधायला किती देश आले, कोण आलं नाही, का आलं नाही, हे पाहावं लागतं. जकार्ताच्या बाबतीत तर इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही म्हणून केवढा वाद झाला होता. खेळाचा इतिहास लिहायला बसलात, तरी परराष्ट्र धोरण वाचावंच लागतं.

हे सगळं मला नीट समजलं ते मुष्टियुद्धाच्या वाचनातून, म्हणून थोडं वळण घेतो. व्यावसायिक बॉक्सिंगमधल्या हेवीवेट गटाबद्दल जगभर असाच वाद चालतो, आणि तिथे नोंदी आपल्यापेक्षा कितीतरी व्यवस्थित आहेत. १९७० चं दशक सगळ्यात खोल मानलं जातं. का? मुहम्मद अली होता म्हणून नाही. १९७१ ला जो फ्रेझरने अलीला हरवलं. १९७३ च्या जानेवारीत जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत लोळवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये केन नॉर्टनने अलीला हरवलं, जबडा मोडून. १९७४ ला फोरमनने नॉर्टनला दोन फेऱ्यांतच संपवलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किन्शासात अलीने फोरमनला पाडलं. हा क्रम कागदावर बाणांनी काढून बघा. सरळ शिडी निघतच नाही, चक्र निघतं. चार माणसांत कोण वर हे ठरवता येत नाही आणि त्यांच्याखाली रॉन लाइल, अर्नी शेव्हर्स, जेरी क्वारी यांच्यासारखे, दुसऱ्या कुठल्याही काळात विजेते ठरू शकले असते असे लोक उभे आहेत. खोली म्हणतात ती ही. पहिला माणूस किती मोठा यावरून ती कळत नाही. पहिला माणूस त्या रात्री आला नसता तर काय झालं असतं, यावरून कळते.

त्याच वाचनात दुसरा धडा मिळाला. ‘हेवीवेट’ ही चौकट स्वतःच हलते. रॉकी मार्सियानो १९५२ ते १९५६ जगज्जेता होता, ४९ लढती, एकही हार नाही. त्याचं वजन साधारण १८५ पौंड, म्हणजे ८४ किलोच्या आसपास. १९७९ च्या शेवटी क्रूझरवेट नावाचा नवा जागतिक किताब सुरू झाला, आणि आज त्याची मर्यादा २०० पौंड आहे. म्हणजे मार्सियानो आज असता तर हेवीवेट म्हणून मोजलाच गेला नसता. मग ‘१९५० चे हेवीवेट’ आणि ‘आजचे हेवीवेट’ यांची तुलना करताना आपण एकाच भांड्याने माप घेतोय का? कुस्तीतही तेच. १९६२ ला ९७ किलोच्या वर कितीही वजन चालायचं. आता फ्रीस्टाइलमध्ये वरची मर्यादा १२५ किलो आहे, २०१४ पूर्वी ती १२० होती. तुमच्या विषयात ‘साक्षर’, ‘शहरी’, ‘कामगार’ असे शब्द असतील, तर प्रत्येक दशकात त्यांची व्याख्या काय होती ते आधी तपासा. मी तपासलं नव्हतं.

आता आपल्याकडच्या मुख्य साधनाकडे येऊ. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ ला मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरी किताब सुरू झाला. पहिले मानकरी सांगलीचे दिनकर दह्यारी. विजेत्यांची यादी कुठेही मिळते, कुस्तीवरच्या प्रत्येक पुस्तकाच्या मागे असते. नवशिका संशोधक ती यादी उचलतो, एक्सेलमध्ये टाकतो, जिल्हावार आलेख काढतो, आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुण्याचे खांब उंच दिसले की निष्कर्ष लिहितो. मी पण केलं हे. आलेख फार सुंदर आला होता.

त्या यादीत काही वर्षं रिकामी आहेत. काही वेळा स्पर्धाच झाली नाही, काही वेळा अंतिम कुस्ती निकाली न ठरल्याने किताब कुणालाच दिला नाही. आलेख काढताना मी ही वर्षं सरळ वगळली होती. पण विचार करा, दोघं इतके तोडीस तोड होते की निकालच लागला नाही, हे वर्ष तर ‘खोली’च्या दृष्टीने सगळ्यात बोलकं! किंवा उलट, दोघंही जपून खेळले, कुणीच डाव टाकला नाही, असंही असेल. रिकाम्या चौकटीचा अर्थ त्या दिवसाचं वर्तमानपत्र वाचल्याशिवाय लागत नाही. डेटा साफ करताना आपण जे काढून टाकतो त्यात कधी कधी प्रकरणच असतं.

आणि मग नरसिंग यादव. २०११, २०१२, २०१३ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. हा मल्ल आंतरराष्ट्रीय पातळीवर ७४ किलोत खेळायचा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचं सुवर्ण त्याच वजनातलं, २०१५ च्या जागतिक स्पर्धेचं कांस्यही त्याच वजनातलं. राज्याच्या सगळ्यात जड गटात तो तीन वर्षं कुणाला आवरला नाही. आबाजींच्या पक्षाला हा हुकमी एक्का वाटेल: बघा, हलक्या वजनाच्या माणसाने सगळ्या जाड्यांना पाडलं, म्हणजे आता जड गटात दम उरला नाही. पण दुसरा अर्थही तेवढाच बसतो. जागतिक पदक मिळवणारा माणूस राज्यस्पर्धेत उतरला तर तो जिंकणारच, त्यात बाकीच्यांचा काय दोष? एकच घटना, दोन उलट निष्कर्ष. कोणता बरोबर हे नरसिंगकडे बघून कधीच ठरणार नाही. त्याने ज्यांना हरवलं ते इतर ठिकाणी, इतर राज्यांच्या मल्लांसमोर कसे खेळले, ते पाहायला हवं. आजच्या पद्धतीत गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता यांच्यात शेवटची कुस्ती होते, त्यामुळे दोन्ही विभागांतले उपांत्य फेरीचे चार-चार जण नोंदवता येतात. विजेत्याचा एक रकाना होता, त्याचे आठ झाले. काम आठपट वाढलं हे सांगायला नको.

इथपर्यंत मी पुण्या-कोल्हापूरचीच साधनं चाळत होतो. मग दिवाळीला घरी आलो.

आमच्याकडे भाताची कापणी संपत आली, की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. काही गावांत कुस्त्याही व्हायच्या. आबाजींना मी सरळ विचारलं, की तुम्ही म्हणता ते तवाचे पैलवान तुम्ही स्वतः कुठे पाहिले? ते जरा चिडले. मग म्हणाले, “मारुती मानेले कुठून पायतो मी? आमच्या इकडं नागपूरचे यायचे, कामठीचे यायचे. मोठी जोड त्यायचीच रायची. गावचे पोट्टे आपले नारळावर आन पाच रुपयावर.”

मला हवं होतं ते सगळं या एका वाक्यात होतं. त्यातून तीन गोष्टी निघाल्या.

पहिली, शब्दाची. पश्चिम महाराष्ट्रात ‘मैदान’ म्हणतात, आमच्याकडे ‘दंगल’. तिकडे ‘तालीम’, इकडे ‘आखाडा’. मी जुन्या वर्तमानपत्रांत ‘कुस्ती मैदान’ शोधत होतो आणि विदर्भात कुस्तीच नव्हती असं समजून बसलो होतो. शोधशब्द माझ्या भागाचा नव्हता, माझ्या पुस्तकांचा होता. ‘दंगल’ शोधायला लागलो तर निम्मे निकाल दंग्याधोप्याचे आले, पण उरलेल्या निम्म्यांत खजिना होता.

दुसरी, मोठ्या जोडीची. जड पैलवान थोडे असतात आणि ते फिरतात. एकच माणूस एका हंगामात दहा-पंधरा गावांच्या पत्रकांवर असतो. पत्रकं मोजली तर जड पैलवान भरपूर दिसतात, माणसं मोजली तर मूठभर. आबाजींच्या आठवणीत ‘तेव्हा केवढे पैलवान होते’ असं जे आहे, त्यात तेच तेच चेहरे वेगवेगळ्या गावांत दिसल्याचा भाग किती, हे शोधणं आता माझं दुसरं प्रकरण आहे. पत्रकावरची नावं एकत्र जुळवणं हे किचकट काम. आडनाव कधी असतं कधी नसतं, ‘अमुक वस्तादांचा पठ्ठा’ एवढंच लिहिलेलं असतं.

तिसरी गोष्ट इनामाची, आणि मला ती सगळ्यात आवडली. प्रत्येक दंगलीत इनामाची चढती शिडी असते. सुरुवात लहान पोरांच्या नारळाने, शेवट मोठ्या जोडीने. त्या शिडीच्या पायऱ्या समान अंतरावर असतील, तर पंचांकडे प्रत्येक पातळीला लावायला जोड उपलब्ध होती. पण खाली बऱ्याच छोट्या कुस्त्या, मध्ये काहीच नाही आणि मग एकदम बाहेरून बोलावलेली मोठी जोड, असं असेल तर मधला थर गायब आहे. खोली मोजायची तर हा मधला थरच मोजायचा. एका गावातल्या दंगल कमिटीच्या जमाखर्चाच्या दोन वह्या मला पाहायला मिळाल्या. त्यातले आकडे इथे देत नाही, कारण दोन वर्षांच्या दोन वह्यांवरून जिल्ह्याबद्दल बोलणं म्हणजे परत तोच आलेखाचा गाढवपणा. पण अशा वह्या गावोगाव पेटीत पडलेल्या असतात, आणि त्यांच्यावर अजून पुरेसं काम झालेलं नाही.

मधला थर कशाने टिकतो, हे मात्र पश्चिमेकडे बघूनच कळतं. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं, तालमी उभ्या केल्या. संस्थानं गेल्यावर ती जागा काही प्रमाणात सहकाराने घेतली. साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन दिलं, वारणानगरसारख्या ठिकाणी दरवर्षी मोठी मैदानं भरवली. जड पैलवान हा महाग माणूस असतो. दूध, तूप, बदाम, मांस, आणि शिवाय घरातला एक जोडी हात शेतातून कमी. साठ किलोचा पोरगा घरच्या भाकरीवर तयार होऊ शकतो, शंभर किलोचा होत नाही. ऑलिम्पिकमध्ये आपलं पहिलं वैयक्तिक पदक आणणारे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये खेळले, हा अगदीच योगायोग नसावा असं मला वाटतं. (वाटतं, एवढंच. हे सिद्ध करायला माझ्याकडे अजून काही नाही.) बॉक्सिंगमध्येही हेच दिसतं. १९६६ आणि १९७० ला आशियाई हेवीवेट सुवर्ण जिंकणारे हवा सिंग आणि १९८२ चे कौर सिंग, दोघंही सैन्यातले. खुराक, सराव आणि पगार तिन्ही एका जागी मिळतात अशी जागा भारतात फार कमी होती.

धानाच्या आमच्या पट्ट्यात ती साखळी तशी उभी राहिली नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, विदर्भ केसरी हा किताब आहे, तो मिळवलेले देवळीचे रामदास तडस पुढे वर्ध्याचे खासदार झाले. म्हणजे विदर्भात कुस्ती नव्हती, असं नाही. पण पवनी तालुक्यातल्या एखाद्या नव्वद किलोच्या पोराला पुढची पाच वर्षं कोण पोसणार, याचं उत्तर कोल्हापुरात कारखाना, तालीम, वस्ताद असं येतं आणि इकडे ‘बाप’ असं येतं. आणि बापाकडे दोन एकर.

तर सिनॉप्सिसमध्ये मी काय बदललं? ‘सुवर्णकाळ’ हा शब्द काढला. काळाची चौकट तीच ठेवली, पण प्रश्न उलटा केला: या काळात पहिल्या क्रमांकाच्या खाली किती माणसं जगू शकत होती, आणि कुणाच्या पैशावर? विजेत्यांची यादी परिशिष्टात गेली. मुख्य साधनं आता तीन: पत्रकं, जमाखर्चाच्या वह्या आणि मुलाखती. मुलाखती विजेत्यांच्या घेत नाही. त्यांच्या आधीच भरपूर झाल्यात आणि त्यांची गोष्ट आता पाठ झालेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या इनामावर थांबलेली माणसं शोधतोय. ती पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, म्हणून घाई आहे. गेल्या वर्षभरात यादीतली दोन माणसं मी पोचण्याआधीच गेली.

गेल्या आठवड्यात आबाजींना जकार्ता आणि इराणची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, रागावतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “तो इरानवाला कोन म्हनला?” तख्ती, म्हटलं. फोनवर त्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून कानाकडे निरखून पाहिलं, पैलवानाचे कान दुमडलेले असतात म्हणून. मग फोन परत देत म्हणाले, “जोड चांगली झाली असती.”